विसरण्याची तालीम

एका मंगळवारी सकाळी दूधवाल्याने समोरच्या काकांची बेल वाजवली. दार उघडलं नाही, म्हणून त्याने माझी बेल वाजवली. त्यांच्या दाराची किल्ली माझ्याकडे असायची. मी दार उघडलं. ते खुर्चीत होते. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर समोरासमोरचे दोन फ्लॅट काकांचे. एकात ते एकटे राहत, दुसऱ्यात मी भाडेकरू. मी वाघोलीला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, मूळचा यवतमाळकडचा. पुण्यात घरमालक भाडेकरूची मुलाखत घेतात हे मी ऐकून होतो. पण माझी झाली तशी कुणाची झाली असेल असं वाटत नाही.

“काय करता आपण?” त्यांनी विचारलं.

“ग्रंथपाल आहे.”

“म्हणजे दिवसभर गप्प बसायची सवय आहे. उत्तम. लग्न?”

“नाही झालं.”

“नवरदेव हरवला का?”

मी नुसता पाहत राहिलो. मग ते समजूतदारपणे म्हणाले, “सिनेमा पाहिलेला दिसत नाही तुम्ही. हरकत नाही. भाडं तेच राहील, मान जरा कमी मिळेल.”

तो सिनेमा मी पुढे पाहिला, आणि मग पाहतच राहिलो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना दोन वाक्यांत ओळख पटेल. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्याविषयी काका म्हणत, “त्यांचं आयुष्य आहे. आपण काय बोलणार?”

गोष्ट साधी आहे. पुण्यातल्या दोन मित्रांवर एका नवरदेवाला लग्नासाठी साताऱ्याला पोचवायची जबाबदारी येते. घाटात चहाला थांबतात आणि तिथे नवरदेव हरवतो. मुहूर्त तोंडावर आलेला. दोघे मंडपाच्या मागे उभे राहून, नवरीच्या मामाला काय सांगायचं याची तयारी करतात. एक जण मामा होऊन प्रश्न विचारतो, दुसरा उत्तरं देतो.

“नवरदेव कुठे आहेत?”

“आंघोळीला गेलेत.”

“कधी?”

“काल.”

“कुठे?”

“कृष्णेवर.”

“इतका वेळ?”

“नदी मोठी आहे.”

कागदावर यात काही नाही. पण या प्रसंगाला थिएटरात लोक उठून उभे राहत. उत्तरं देणारा नट पुढे मोठा हिरो झाला. पोस्टरवर एकटा दिसू लागला, हिंदीत गेला, टीव्हीवर कार्यक्रम केले, दुखण्याच्या मलमापासून प्रेशर कुकरपर्यंत सगळ्याच्या जाहिरातीत आला. प्रश्न विचारणारे आमचे काका. त्यांनी त्यानंतर सिनेमात मित्राची, मेव्हण्याची, शेजाऱ्याची कामं केली, नाटकाचे दौरे केले, एका सरकारी कचेरीतली नोकरी सांभाळली आणि निवृत्त झाले. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर मला विचारलेलाच प्रश्न ते उत्तर म्हणून देत: “नवरदेव हरवला.”

भाजी घेताना किंवा बँकेत लोक त्यांना ओळखत. ओळखण्याची पद्धत ठरलेली असायची. “अहो, तुम्ही त्यांच्याबरोबर होतात ना त्या सिनेमात?”

“नाही,” काका म्हणत. “ते माझ्याबरोबर होते.”

यात कडवटपणा नव्हता, हे समजायला मला वेळ लागला. त्यांना खरोखर तसं वाटत होतं. विनोदाबद्दल त्यांचं मत पक्कं होतं आणि ते कॅरमच्या भाषेत सांगत. “लोक सोंगटी बघतात हो. सोंगटी भोकात गेली की टाळ्या. स्ट्रायकर कुठे थांबला ते कुणी बघत नाही, आणि बघूही नये. ‘कधी?’ हा प्रश्न मी रागाने विचारला असता तर ‘काल’वर कुणी हसलं नसतं. हसत विचारला असता तरी नसतं. तो मी नुसता विचारला. नुसतं विचारायला मला सहा महिने लागले.”

ते स्वतः हसत नसत. सोसायटीतल्या लोकांनी त्यांना हसवायचे पुष्कळ प्रयत्न केले होते. एखादी गोष्ट खरंच आवडली तर ते चष्मा काढून पुसत. चष्मा पुसला की विनोद पास.

त्यांचा अहंकार मात्र एका गोष्टीत होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. ते विसरत नसत. आयुष्यात केलेली सगळी कामं त्यांना तोंडपाठ होती, आपलीच नव्हे तर समोरच्याचीही. रोज सकाळी सातला चहाबरोबर ते त्यातलं एखादं काढून म्हणत. “गाडी रोज सुरू करावी लागते. नाहीतर बॅटरी उतरते.” माझ्या भाडेकरारात न लिहिलेली अट हीच होती. चहा त्यांचा आणि समोरच्याची वाक्यं माझी. ती त्यांनी मला तोंडी शिकवली. अशा रीतीने मी कित्येक वर्षं रोज सकाळी हिरो होतो. “मराठी पडद्याला लाभलेले सर्वांत वाईट हिरो आहात तुम्ही,” ते म्हणायचे. “पण वेळेवर बोलता. अभिनय करू नका. नुसतं वेळेवर बोला. लोकांना एवढंही जमत नाही.”

हे पाठांतर फक्त नाटक-सिनेमापुरतं नव्हतं, हीच अडचण होती. सोसायटीत सत्यनारायण होता. गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं असावं, त्यांनी कथा जरा आवरती घेतली. काका मागच्या रांगेतून शांतपणे म्हणाले, “गुरुजी, साधुवाण्याची नौका राहिली.” गुरुजींना मागे जाऊन नौका आणावी लागली. सोसायटीचे अध्यक्ष स्वातंत्र्यदिनाला दरवर्षी एकच भाषण करत. काका पहिल्या रांगेत बसत आणि अध्यक्ष श्वास घ्यायला थांबले की हळूच पुढचा शब्द पुरवत, “आता तरुणांनो.” अध्यक्ष लाल व्हायचे आणि म्हणायचे, “तर तरुणांनो…” काकांच्या मते ही मदत होती.

त्या सिनेमातल्या प्रत्येक माणसाशी त्यांचं अजून नातं होतं. बऱ्याचदा त्या माणसाला ते माहीत नसायचं. त्यांच्यापैकी कुणाचंही नवं काम आलं की काका पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला जात, आणि अर्थात मला नेत. सिनेमा कसाही असो, शेवटी नावं सरकत असताना ते उभे राहत, आपल्या माणसाचं नाव येईपर्यंत थांबत, टाळ्या वाजवत आणि मगच बाहेर पडत. रिकाम्या थिएटरात, सफाईवाला झाडू घेऊन उभा असताना, एका वृद्ध माणसाच्या टाळ्यांचा आवाज कसा येतो हे मला ठाऊक आहे. सुरुवातीला मी खाली बघत असे. नंतर मीही वाजवू लागलो.

बाहेर आल्यावर त्यांचं परीक्षण ठरलेलं. “सिनेमा वाईट आहे. आपल्या माणसाने त्यात भर घातली नाही.”

नवरीच्या मामाचं काम केलेले ज्येष्ठ नट पुढे हिंदी सिनेमांत न्यायाधीश झाले. कायम न्यायाधीश. हातोडा आपटायचा आणि पुढची तारीख द्यायची. ते वारले तोवर काकांनी त्यांचे सगळे खटले पाहिले होते. “निकाल द्यायला कधी मिळाला नाही त्यांना,” काका सांगत. “पण तारीख काय द्यायचे! आरोपीला वाटायचं, पुन्हा यावं.”

नवरीचं काम केलेल्या बाई आता मालिकांत सासू होतात. रोज रात्रीच्या जेवणाआधी काका ती मालिका पाहत आणि संपली की फोन करत.

“आज सुनेला जरा जास्तच बोललात तुम्ही.”

फोनमधून बाईंचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. “अहो, लिहून देतात ते मला! मी काय मनाने बोलते का?”

“ते ठीक आहे. पण डोळे तुमचे होते.”

मग दोघं पुष्कळ वेळ बोलत. फोन ठेवल्यावर काका म्हणायचे, “मोठी नटी आहे. घराघरांत लोक शिव्या देतात तिला.”

आणि खुद्द नवरदेव. त्याला सिनेमात जेमतेम तीन प्रसंग होते. त्यानंतर त्याने काम केलंच नाही. लोणी काळभोरला स्वतःच्या रानात रोपवाटिका काढली. वर्षातून एकदा आम्ही तिकडे जायचो. काका फाटकातूनच हाक मारायचे, “सापडलात का?”

“हाय की, इथंच हाय! कुठं हरवतोय?” गुलाबांच्या वाफ्यांतून तो उभा राहायचा. मातीचे हात धोतराला पुसायचा. “चला, आधी भाकरी खाऊ. लगीन मागनं बघू.”

परतताना गाडीत मी एकदा म्हणालो, “यांचं करिअर काही झालं नाही.”

“का? बघितलीत ना रोपं?” काका म्हणाले. “आमच्यातला सगळ्यात यशस्वी माणूस तो. हरवायचं काम मिळालं होतं, इतकं चोख केलं की इंडस्ट्रीला अजून सापडलेला नाही.”

हिरोंच्या बाबतीत तर विचारायलाच नको. डोक्यावर केस नसताना काकांकडे तेल होतं, कारण जाहिरात हिरोंची होती. काही दुखत नसताना मलम होतं. हिरो फारसे येत नसत, फोन अधूनमधून व्हायचा. मोठा माणूस झाल्यावर जुन्या मित्राला विसरला, असं पुण्यात लोक बोलत. एकदा माझ्याही तोंडून तसं काहीतरी निघालं. काकांनी कप खाली ठेवला. “ग्रंथपाल, तुमच्या लायब्ररीतलं पुस्तक लोक घरी नेतात तेव्हा कपाट रडतं का?”

 

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने तो सिनेमा नव्याने साफ करून घेतला आणि पुण्यात एका नाट्यगृहात दाखवायचं ठरवलं. सिनेमाआधी कलाकारांचा सत्कार, आणि मुख्य आकर्षण म्हणजे दोघा मित्रांनी रंगमंचावर तो मंडपामागचा प्रसंग करायचा. तिकिटं हातोहात संपली. काकांचे ते दिवस तसेही चांगले होते. एका नव्या मालिकेत आजोबांचं काम त्यांना मिळालं होतं. पहिल्या भागांचे कागद घरी आले त्याच दिवशी त्यांनी पाठ करून टाकले होते आणि सकाळी मला नातवाचं काम मिळालं होतं.

कार्यक्रमाच्या महिनाभर आधी हिरोंची मुलगी काकांकडे आली. मी तिथेच होतो. मी उठू लागलो तर काका म्हणाले, “बसा. हे बोलत नाहीत कुणाशी. यांच्यासमोर बोल.”

ती म्हणाली, “काका, बाबांना विसरायला होतंय.”

“वय आहे.”

“तसं नाही. परवा मला विचारलं, तुझी आई कधी येणार? आईला जाऊन वर्षं झाली. डॉक्टरांनी नाव सांगितलंय आजाराचं. आम्ही कुणाला बोललेलो नाही. आता ते माझ्याकडेच असतात, वाघोलीला.” तिने पदर बोटाला गुंडाळला आणि सोडला. “तुम्ही त्या प्रसंगाला नाही म्हणा. तुम्ही नाही म्हणालात तर त्यांना कमीपणा नाही. लोकांना वाटेल, तुमची तब्येत बरी नाही. तिथे स्टेजवर ते गप्प झाले ना, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या मोबाइलवर तेवढंच राहील. एवढं आयुष्य काढलं त्यांनी, आणि शेवटी तेवढंच.”

 काकांनी विचारलं, “त्याला काय हवंय?”

तिचे डोळे भरले. “त्यांना करायचंय. रोज म्हणतात, पुण्यात माझा मित्र आहे, तो समोर असला की काही विसरायला होत नाही.”

“मग करू,” काका म्हणाले.

दुपारी ती त्यांना बिबवेवाडीला आणू लागली. हिरो अजून देखणे होते. दारातच दोघांचं सुरू व्हायचं.

“लेका, जिना चढून माणूस मरायचा. लिफ्ट नाही का?”

“आहे. तुझ्या पाठीमागे आहे.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलं नाहीस.”

हे सगळं झकास चाले. पण तालीम सुरू झाली की काही वेळा पहिलं उत्तर येई, काही वेळा तेही नाही. काका विचारत, “कधी?” आणि हिरो त्यांच्याकडे पाहत राहत. चेहऱ्यावर हसू तसंच, फक्त मागे काही नसायचं. काका पुन्हा विचारत, तितकंच नुसतं. हिरोंचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट होई. तिसऱ्या दिवशी ती शांतता इतकी लांबली की मला राहवलं नाही. इतकी वर्षं रोज म्हटलेलं ते वाक्य, पण घाबरून माझ्या तोंडून निघालं, “परवा?”

हिरो गर्रकन माझ्याकडे वळले. “परवा काय हो? काल! काल गेलेत आंघोळीला. परवा गेला असता तर बुडाला म्हणाले असते.”

काकांनी चष्मा काढला आणि पुसला. पुसतच राहिले. मग डोळ्यांवर चढवून म्हणाले, “आणि कुठे गेलेत रे? तळ्यावर ना?”

“तळ्यावर? तळं कुठून आणलंस? कृष्णेवर!”

उत्तर विचारलं तर सापडत नव्हतं. पण चुकीचं ऐकलं की बरोबर ते आतून उसळी मारून येत होतं. नटाला दुसऱ्याची चूक सहन होत नाही. आजारालाही तो स्वभाव पुसता आला नव्हता. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काका तिच्याकडे न बघता म्हणाले, “जमेल. मी विसरेन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आमची नवी तालीम सुरू झाली, आणि मी त्यांच्याकडे पाहिलेली सगळ्यात अवघड तालीम हीच. त्यांना विसरता येत नव्हतं. जीभ सवयीने बरोबर वाक्य म्हणून मोकळी व्हायची आणि ते वैतागायचे. “बघा, पुन्हा बरोबर आलं! या वयात ही शिक्षा.” मुद्दाम विसरल्यासारखं केलं तर ते मुद्दाम दिसे. “हे नाटकी झालं. खरा विसरणारा माणूस आठवायचा प्रयत्न करत असतो; विसरायचा नाही.” शेवटी त्यांनी चुका पाठ केल्या. कुठे थांबायचं, कुठे कपाळाला हात लावायचा, कुठलं चुकीचं उत्तर आपणच पुरवायचं, सगळं बसवलं. चूकही अशी हवी की हिरोंना ऐकवणार नाही, आणि प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की हा म्हातारा आता संपला. “परवा” त्यांनी माझंच ठेवलं. “तुमचं एकच योगदान आहे, पण मोठं आहे,” मला म्हणाले.

मी म्हणालो, “लोक तुम्हाला हसतील, काका.”

“हसू देत की. हसवायलाच जातोय.”

“तसं नाही. तुम्ही विसरलात म्हणून हसतील.”

 “हो. तसंच हसायला हवेत.”

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता. नाट्यगृह खच्चून भरलं होतं. नवरदेव पांढराशुभ्र फेटा बांधून लोणी काळभोरहून आला; त्याला पाहताच बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, “सापडला! सापडला!” सिनेमातली नवरी, आताच्या सासूबाई आल्या. सत्कार झाले. मग दोघांना मध्ये बोलावलं आणि बाकीचे बाजूला झाले. हिरोंची मुलगी विंगेत उभी होती. मी तिसऱ्या रांगेत.

काकांनी विचारलं, “नवरदेव…” आणि थांबले. “नवरदेव… अं…”

पाठीमागून एक बाई हळूच म्हणाल्या, “अगंबाई, विसरले बिचारे.”

हिरोंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “अरे, ‘कुठे आहेत’ असं विचार. मग मी म्हणणार, आंघोळीला गेलेत.”

हशा आला.

“हां, हां. आंघोळीला. परवा, नाही का?”

“परवा नाही लेका, काल!”

मोठा हशा.

“काल. बरोबर. तळ्यावर.”

“कृष्णेवर! कृष्णेवर रे!” हिरो आता प्रेक्षकांकडे वळून हात पसरून म्हणाले, “हा असा माणूस मामा झालाय. कसं व्हायचं लग्न?” हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळं नाट्यगृह हशाने दणाणलं. हिरोंचे डोळे चमकत होते. मी त्यांना सिनेमातसुद्धा इतकं मोकळं पाहिलं नव्हतं.

आता शेवटचं राहिलं. काका ठरल्याप्रमाणे म्हणाले, “इतका वेळ… पाणी थंड असेल.”

हिरो बोलले नाहीत. ते वर दिव्यांकडे पाहत होते. हसू होतं, बाकी काही नव्हतं. हशा ओसरला. शांतता पसरू लागली. विंगेत मुलीने तोंडावर हात धरला. पुढचं वाक्य बसवलेलं नव्हतं. तालमीत आम्ही इथे कधी अडकलोच नव्हतो. काकांनी घाई केली नाही. कपाळावरचा हात तसाच ठेवून, अगदी दीनवाण्या आवाजात ते म्हणाले, “नाहीतर साबण संपला असेल.”

हिरोंची मान खाली आली. “साबण? साबण कशाला संपेल? नदी मोठी आहे, लेका! नदी! इतकी वर्षं झाली, तुझ्या लक्षात कसं राहत नाही?”

लोक उभे राहिले. मीही उभा राहिलो, पण मला टाळ्या वाजवता येईनात. काका मान खाली घालून उभे होते, चूक झालेल्या माणसासारखे. हिरो वाकून नमस्कार करत होते.

नंतर मी विंगेत गेलो तेव्हा हिरोंनी काकांच्या खांद्यावर हात टाकला होता. “घाबरू नकोस,” ते सांगत होते. “होतं असं. मी आहे ना.”

“हो,” काका म्हणाले. “तू असलास की बरं असतं.”

बाहेर पडताना गर्दीत लोक बोलतच होते. हिरो कसे अजून खणखणीत आहेत, आणि दुसऱ्याचं कसं वय झालं. दुसऱ्या दिवशी जिन्यात सोसायटीचे अध्यक्ष भेटले. इतक्या वर्षांची उधारी होती, त्यांनी सोडली नाही. “काय हो, रोज बदाम खात जा. भिजवून.”

“आणून द्या,” काका म्हणाले.

त्याच आठवड्यात मालिकेच्या कचेरीतून फोन आला. मी समोर बसलो होतो. काकांनी ऐकून घेतलं, दोनदा “बरोबर आहे तुमचं” म्हणाले आणि फोन ठेवला. “आजोबांना वाक्यं फार आहेत म्हणे. त्रास नको मला.” ती वाक्यं त्यांना, नातवासकट, सगळी पाठ होती.

मी आयुष्यात फार कमी वेळा आवाज चढवला असेन. त्या दिवशी चढवला. “सांगा ना त्यांना! मी सांगतो. तुम्ही विसरला नाहीत हे निदान—”

“आणि मग कोण विसरलं, तेही सांगावं लागेल,” काका म्हणाले. “बसा. चहा निवतोय.” मग जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “तो शेवटचा हशा ऐकलात ना? सिनेमातल्यापेक्षा मोठा होता. साबण चांगला आला ऐन वेळी. इतकं चांगलं काम माझ्याकडून पूर्वी झालं नव्हतं.”

मला त्यांचा अभिमान वाटतो हे मी त्यांना कधी म्हणालो नाही. पुण्यात राहून मीही असल्या गोष्टी तोंडावर न बोलायला शिकलो होतो. त्या दिवशी मी एवढंच म्हणालो, “काका, चहा छान झालाय.” ते म्हणाले, “रोजचाच आहे.”

त्यानंतर त्यांना काम आलं नाही. सकाळची तालीम शेवटपर्यंत चालली आणि त्यात त्यांची एकही चूक झाली नाही. ते गेले त्या मंगळवारी नवरदेव लोणी काळभोरहून धावत आला. सासूबाईंनी मुंबईहून फोन करून मला इतकंच विचारलं, “आता मालिका संपल्यावर मला कोण बोलणार?” हिरोंना मुलगी घेऊन आली होती. कुणाला पोचवायला आलो आहोत हे त्यांना उमगलं की नाही, सांगता येत नाही. ते फार शांत होते.

गेल्या महिन्यात मुलीने वडिलांच्या आजाराविषयी वर्तमानपत्रातून सगळ्यांना सांगितलं. मग मला फोन करून म्हणाली, “आता त्या संध्याकाळचं लिहा. काकांचं जे खरं आहे ते लिहा.” म्हणून हे लिहिलं.

त्या संध्याकाळची चित्रफीत मोबाइलवर अजून फिरते. तिच्याखाली लिहिलेलं आहे की दुसरे नट वाक्यं विसरले. ते तसंच आहे. शनिवारी कॉलेज सुटलं की मी हिरोंकडे जातो. ते मला ओळखत नाहीत. पडद्यावरच्या स्वतःलाही ओळखत नाहीत, आणि बोलणं आता जवळजवळ थांबलं आहे. चित्रफीत लावली की काका चुकतात, आणि हिरो खुर्चीत ताठ बसून त्यांना दुरुस्त करतात: आंघोळीला, काल, कृष्णेवर, नदी मोठी आहे. तेवढे शब्द त्यांच्याकडे राहिले आहेत.